बर्फावरून उडणारे गुरुजी : वैमानिक कार्ल बेन आयल्सन



सध्या थंडीचे दिवस आहेत. आमच्या निफाड भागात पारा इतका खाली येतो की द्राक्षबागा वाचवण्यासाठी शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. परिपाठाला मुलं हात काखेत घालून उभी असतात. दप्तर उघडायलासुद्धा बोटं वळत नाहीत. अशा सकाळी मी मुलांना बाहेर उन्हात बसवते आणि गोष्ट सांगते. यंदा एका अशा माणसाची गोष्ट सांगितली जो आपल्यासारखाच शिक्षक होता. शाळेत विज्ञान शिकवता शिकवता तो जगातल्या एका अतिथंड प्रदेशात छोटं विमान चालवू लागला.

त्यांचं नाव कार्ल बेन आयल्सन. आपल्या पाठ्यपुस्तकात हे नाव नाही. पण अमेरिकेच्या अलास्का राज्यात त्यांच्या नावाचा डोंगर आहे, हवाई दलाचा तळ आहे. त्यांचं चरित्र मी आज तुमच्यासाठी लिहीत आहे, कारण या चरित्रातून मुलांना काय सांगायचं याबद्दल माझ्या मनात बरेच दिवस एक विचार चालू आहे. तो शेवटी मांडते. चला तर मग, आधी माणूस समजून घेऊ.

जन्म आणि शिक्षण

बेनचा जन्म २० जुलै १८९७ रोजी अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यात हॅटन नावाच्या लहानशा गावी झाला. घराणं मूळचं नॉर्वेचं. वडील ओले आयल्सन गावात दुकान चालवत. नॉर्थ डकोटा म्हणजे सपाट मैदान, आणि हिवाळ्यात सगळीकडे बर्फच बर्फ. त्यामुळे थंडी या मुलाला नवी नव्हती.

बेन सहा वर्षांचा असताना राइट बंधूंनी पहिलं विमान उडवलं. त्या पिढीतल्या कितीतरी मुलांना विमानाचं वेड लागलं, तसं बेनलाही लागलं. तो कॉलेजात शिकत असताना १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. बेन सैन्याच्या विमान विभागात भरती झाला आणि उडायला शिकला. पण प्रत्यक्ष आघाडीवर जाण्याआधीच युद्ध संपलं.

गावी परत आल्यावर त्याने गावातल्या काही मंडळींना पटवून एक विमान घ्यायला लावलं. जत्रेत, मेळाव्यात कसरती दाखवायच्या, लोकांना पैसे घेऊन फिरवून आणायचं, असा तो उद्योग. वडिलांना हे पसंत नव्हतं. पोराने आधी शिक्षण पूर्ण करावं, चांगल्या पोटापाण्याला लागावं, हा त्यांचा आग्रह. पालकहो, यात तुम्हाला काही ओळखीचं वाटतं का? शंभर वर्षांपूर्वीचा अमेरिकेतला बाप आणि आजचा आपल्या गावातला बाप, काळजी एकच!

बेनने वडिलांचं ऐकलं. पदवी घेतली आणि वकिली शिकायला राजधानी वॉशिंग्टनला गेला. तिथे अलास्काच्या लोकप्रतिनिधींशी त्याची ओळख झाली. अलास्कात शिक्षकांची गरज आहे हे त्याला कळलं. वकिलीचा अभ्यास बाजूला ठेवून १९२२ मध्ये तो फेअरबँक्स या गावी माध्यमिक शाळेत विज्ञान आणि इंग्रजीचा शिक्षक म्हणून रुजू झाला. इथून पुढे आपण त्यांना आयल्सन सर म्हणायला हरकत नाही.

सरांचं नवीन गाव

फेअरबँक्सची थंडी कशी असते हे मुलांना सांगताना मला जरा अवघड गेलं. शून्याखाली चाळीस अंश म्हटलं तरी मुलांच्या डोळ्यांपुढे काही येत नाही. मग मी त्यांना घरातल्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्याची आठवण दिली. तिथे साधारण शून्याखाली अठरा अंश असतात. फेअरबँक्समध्ये कडक हिवाळ्यात बाहेर अंगणात त्याहूनही कितीतरी जास्त थंडी! डिसेंबरात दिवस जेमतेम पावणेचार तासांचा.

अशा मुलखात गावं एकमेकांपासून शेकडो किलोमीटर लांब. रस्ते नाहीत. हिवाळ्यात वाहन एकच, कुत्र्यांची घसरगाडी. टपाल, औषधं, सामान, सगळं कुत्री ओढून नेणार. गाडीवान गाडीवर आरामात बसून राहत नसे. अंगात ऊब राहावी म्हणून तो बराच वेळ गाडीमागे धावायचा. पण घाम येईल इतकं धावायचं नाही, कारण अंगावरचा घाम गोठला की जिवावर बेतायचं. वाटेत मुक्कामाला धर्मशाळेसारखी छोटी घरं असत. या गाडीवानांनी मूळच्या रहिवाशांकडून थंडीत जगण्याच्या अनेक युक्त्या शिकून घेतल्या होत्या.

आयल्सन सरांच्या मनात आलं की जे अंतर कापायला कुत्र्यांना तीन आठवडे लागतात, ते विमान काही तासांत कापेल. त्यांनी गावातल्या व्यापाऱ्यांना, वर्तमानपत्राच्या संपादकांना ही गोष्ट पटवली. एक जुनं लष्करी विमान सुट्या भागांच्या पेट्यांतून मागवलं गेलं. सरांनी ते जोडलं आणि जुलै १९२३ मध्ये फेअरबँक्सच्या आकाशात उडवलं. सर शाळेतून बाहेर पडले ते पुन्हा वर्गाकडे फारसे वळलेच नाहीत.

पहिलं हवाई टपाल

उन्हाळ्यात उडणं वेगळं आणि हिवाळ्यात वेगळं. सरकारने त्यांना प्रयोग म्हणून फेअरबँक्स ते मॅकग्रा या गावापर्यंत टपाल नेण्याचं काम दिलं. अंतर सुमारे ४५० किलोमीटर. विमानही सरकारनेच पुरवलं. चाकांच्या जागी बर्फावर घसरणाऱ्या लाकडी पट्ट्या, म्हणजे स्की लावल्या होत्या. वैमानिकाची बैठक उघडी. डोक्यावर छप्पर नाही. समोरून येणारा वारा थेट अंगावर.

२१ फेब्रुवारी १९२४ रोजी सकाळी ते निघाले. हवा शून्याखाली साधारण वीस अंश. त्या दिवशी सरांनी अंगावर काय काय घातलं होतं याची यादी त्यांनी स्वतः टपाल खात्याला कळवली होती. मुलांना ही यादी फार आवडली. लोकरीचे दोन जोड मोजे, त्यावर कॅरिबू हरणाच्या कातड्याचे मोजे, त्यावर गुडघ्याच्या वरपर्यंत येणारे मऊ कातडी बूट. आत जाड बनियन-पायजमा, त्यावर दोन विजारी, जाड शर्ट, स्वेटर, डोक्यावर केसाळ कातड्याची टोपी, डोळ्यांना गॉगल. या सगळ्यावर रेनडिअरच्या कातड्याचा सैल अंगरखा. हातात आधी लोकरीचे मोजे आणि वरून फरचे जाड मोजे.

इथे थांबून मी मुलांना एक प्रश्न विचारला. एकच खूप जाड कोट घालण्याऐवजी एवढे थर कशाला? एका मुलीने सांगितलं की आजी थंडीत दोन गोधड्या एकावर एक घेते, मध्ये हवा राहते म्हणून ऊब येते. बरोबर उत्तर! थरांमधली अडकलेली हवाच उष्णता धरून ठेवते. अंगरखा सैल असण्याचं कारणही तेच.

विमानात टपालाचं वजन सुमारे ७५ किलो. त्याशिवाय दहा दिवसांची शिधासामग्री, बंदूक, कुऱ्हाड, दुरुस्तीची हत्यारं आणि बर्फावरून चालायचे रुंद जोडे. तीन तासांच्या प्रवासाला दहा दिवसांचं अन्न! मित्रांनो, मला या माणसाची सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट हीच आहे. निघतानाच त्यांनी गृहीत धरलं होतं की इंजिन बंद पडू शकतं आणि आपल्याला चालत यावं लागू शकतं.

पण सगळं सुरळीत झालं. तीन तासांच्या आत ते मॅकग्राला पोहोचले. कुत्र्यांना याच वाटेला अठरा-वीस दिवस लागत.

परतीला मात्र चूक झाली. मॅकग्राच्या लोकांनी स्वागत केलं, जेवण झालं, त्यात वेळ गेला. दुपारी उशिरा निघाले. वाट चुकली, अंधार पडला. फेअरबँक्सच्या लोकांनी मैदानावर मोठी शेकोटी पेटवली, म्हणून जागा तरी कळली. उतरताना विमानाला अपघात झाला, पुढचा पंखा मोडला. सर सुखरूप राहिले. एक आग्रहाचं जेवण किती महागात पडू शकतं पाहा! हिवाळ्यात दिवसाचा उजेड हेसुद्धा इंधनच असतं, हा धडा त्यांना पहिल्याच दिवशी मिळाला.

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी त्यांचं अभिनंदन केलं. पण पुढच्या फेऱ्यांमध्ये आणखी अपघात झाले आणि त्याच वर्षी सरकारने प्रयोग थांबवून विमान परत नेलं. सर निराश होऊन अलास्कातून निघून गेले.

कुत्र्यांनी जिंकलेली शर्यत

यानंतर काही महिन्यांतच एक प्रसंग घडला. तो सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. जानेवारी १९२५ मध्ये अलास्काच्या पश्चिम टोकाला नोम गावात घटसर्पाची साथ आली. औषध लवकर पोहोचलं नाही तर मुलं दगावणार. औषध विमानाने पाठवावं असा आग्रह अनेकांनी धरला. पण फेअरबँक्सची विमानं हिवाळ्यासाठी सुटी करून ठेवलेली. सरांसारखा अनुभवी वैमानिक जागेवर नाही. गव्हर्नरांनी ठरवलं की औषध कुत्र्यांच्या गाड्यांनीच जाईल.

वीस गाडीवानांनी एकाकडून दुसऱ्याकडे असं ते औषध जवळपास १,१०० किलोमीटर नेलं. साडेपाच दिवसांत! नवं वाहन वेगवान असलं तरी भरवशाचं व्हायला वेळ लागतो. तोपर्यंत जुन्या माणसांचं शहाणपण फेकून द्यायचं नसतं. मला वाटतं हे आपल्या वर्गातल्या मोबाईल-टीव्हीलाही लागू आहे.

थंडीत इंजिन कसं चालू करायचं?

आपल्याकडे थंडीत खोबरेल तेल थिजतं. मग आपण बाटली उन्हात ठेवतो. इंजिनच्या तेलाचंही तसंच होतं. अलास्काच्या थंडीत ते काकवीसारखं घट्ट होतं आणि इंजिनचे भाग हलतच नाहीत.

म्हणून त्या काळचे वैमानिक काय करत? विमान उतरलं की पहिलं काम म्हणजे इंजिनमधलं गरम तेल डब्यात काढून घ्यायचं. स्वतः जेवायच्या आधी हे काम. तो डबा घरात नेऊन चुलीजवळ ठेवायचा. सकाळी इंजिनवर कॅनव्हासचं जाड आच्छादन टाकायचं, खाली स्टोव्ह पेटवायचा आणि इंजिन शेकायचं. यात तासभर तरी सहज जाई. तेवढा वेळ डोळ्यांत तेल घालून तिथेच बसायचं, कारण आच्छादनाने पेट घेतला तर विमानच जळून जायचं. मग चुलीवर गरम केलेलं तेल ओतायचं आणि हाताने पंखा फिरवून इंजिन चालू करायचं.

स्कीचा त्रास वेगळाच. उतरताना घर्षणाने स्कीखालचा बर्फ किंचित वितळतो आणि थांबल्यावर पुन्हा गोठतो. मग विमान जमिनीला चिकटून बसतं. म्हणून थांबल्यावर स्कीखाली फांद्या किंवा लाकडं सरकवून ठेवायची. वर आकाश पांढरं, खाली जमीन पांढरी, अशा वेळी जमीन किती खाली आहे हेच दिसत नाही.

आज फेअरबँक्समध्ये मोटारी आहेत. त्यांच्या पुढच्या बाजूला विजेची पिन लोंबत असते. हिवाळ्यात गाडी उभी केली की ती पिन सॉकेटमध्ये लावतात, म्हणजे इंजिन उबदार राहतं. आपण मोबाईल चार्जिंगला लावतो तशी तिथे गाडी लावतात! साधन बदललं, पण नियम तोच. थंडीची तयारी गाडी बंद करतानाच करायची, सकाळी नाही.

बर्फावरची पायपीट

१९२६ मध्ये ऑस्ट्रेलियाचे संशोधक ह्यूबर्ट विल्किन्स यांना उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रावर विमानाने संशोधन करायचं होतं. त्यांनी वैमानिक म्हणून आयल्सन यांना निवडलं.

मार्च १९२७ मध्ये दोघे अलास्काच्या उत्तर टोकावरच्या पॉइंट बॅरोहून निघाले. गोठलेल्या समुद्रावर शेकडो किलोमीटर आत गेल्यावर इंजिन बिघडलं. त्यांनी विमान तरंगत्या बर्फावर उतरवलं. विल्किन्स यांनी तेवढ्या वेळात प्रतिध्वनीवरून समुद्राची खोली मोजली आणि आयल्सन इंजिन दुरुस्त करत बसले. बारीक काम जाड मोजे घालून होत नाही. उघड्या हातांनी थंडगार लोखंड धरून त्यांनी काम केलं आणि बोटं गोठली.

पुन्हा उडाले, पुन्हा उतरावं लागलं, पुन्हा उडाले. किनारा अजून लांब असताना अंधारात, वादळात इंधन संपलं. विमान बर्फावर आदळलं. दोघे वाचले, पण विमान निकामी झालं. वादळ शमेपर्यंत काही दिवस ते विमानातच राहिले. मग विमानाच्याच भागांपासून घसरगाड्या केल्या आणि किनाऱ्याकडे चालू लागले.

सुमारे दोन आठवडे ते चालत होते. बर्फाचे उंचवटे चढायचे, कधी रांगत जायचं, रात्री बर्फाची खोली करून झोपायचं. एकदा बर्फ फुटून विल्किन्स गारठणाऱ्या पाण्यात पडले, तरी सावरले. शेवटी एप्रिलमध्ये ते बीची पॉइंट इथल्या व्यापारी ठाण्यावर पोहोचले. आयल्सन यांच्या उजव्या हाताची करंगळी कापावी लागली.

आता सांगा, हे दोघे कशामुळे वाचले? धाडस तर होतंच. पण खरं सांगायचं तर निघताना बरोबर घेतलेली बिस्किटं, चॉकलेट, सुकं मांस यांनी त्यांना वाचवलं. विल्किन्स यांनी थंडीच्या मुलखात राहून तिथल्या लोकांकडून शिकलेलं ज्ञान त्यांना तारून गेलं.

ध्रुवापलीकडे

एवढं झाल्यावर कोणी पुन्हा गेलं नसतं. हे दोघे पुढच्याच वर्षी पुन्हा गेले. १५ एप्रिल १९२८ रोजी पॉइंट बॅरोहून उडून ध्रुवाकडचा समुद्र ओलांडून नॉर्वेच्या स्पिट्सबर्गन बेटांपर्यंत ते पोहोचले. सुमारे ३,५०० किलोमीटर, २० तास २० मिनिटं.

शेवटी वादळाने गाठलं. त्या वेळी त्यांनी पुढे जायचा हट्ट केला नाही. खाली एक निर्मनुष्य बेट दिसताच तिथे उतरले आणि वादळ जाईपर्यंत पाच दिवस विमानातच बसून राहिले. मुक्कामाचं ठिकाण तिथून अगदी जवळ होतं हे त्यांना नंतर कळलं.

निघताना वेगळीच गंमत. स्की बर्फाला चिकटलेल्या. विल्किन्स यांनी खाली उतरून ढकललं, तर विमान सुटलं आणि ते खालीच राहिले! आयल्सन यांना वर गेल्यावर कळलं. ते वळून परत आले. दुसऱ्यांदाही तेच झालं. तिसऱ्या वेळी विल्किन्स एक पाय आत टाकून दुसऱ्या पायाने बर्फ रेटत राहिले, तेव्हा कुठे दोघे मिळून उडाले. मुलं इथे पोट धरून हसली. पण विचार करा, दर वेळी इंधन कमी होत होतं, आणि तरी आयल्सन सोबत्याला सोडून गेले नाहीत.

त्याच वर्षी नोव्हेंबरात दोघांनी दक्षिण ध्रुवाकडे जाऊन अंटार्क्टिकातलं पहिलं विमान उड्डाण केलं. आयल्सन यांना हार्मन ट्रॉफी हा मोठा सन्मान मिळाला. गावातल्या दुकानदाराचा मुलगा जगप्रसिद्ध झाला.

शेवटची फेरी

१९२९ मध्ये ते अलास्कातल्या एका नव्या विमान कंपनीचे प्रमुख झाले. त्याच हिवाळ्यात सायबेरियाच्या किनाऱ्याजवळ नानुक नावाचं जहाज बर्फात अडकलं. जहाजावर माणसं होती आणि लाखो डॉलरचं केसाळ कातडं होतं. माणसं आणि माल आणण्याचं काम कंपनीला मिळालं. मोठ्या रकमेचा करार होता. कंपनी नवी होती. प्रमुखाने ऑफिसात बसून दुसऱ्याला पाठवलं असतं तरी चाललं असतं, पण आयल्सन स्वतः गेले.

पहिली फेरी यशस्वी झाली. दुसऱ्या फेरीसाठी ९ नोव्हेंबर १९२९ रोजी ते आणि मेकॅनिक अर्ल बोरलँड टेलर या गावाहून निघाले. हवा वाईट होती. दिवस दर दिवशी लहान होत चाललेला. त्याच दिवशी निघालेलं दुसरं विमान हवामान पाहून परत फिरलं. आयल्सन पुढे गेले. ते जहाजापर्यंत पोहोचलेच नाहीत.

कडाक्याच्या काळोख्या हिवाळ्यात शोध सुरू झाला. अमेरिका, कॅनडा आणि सोव्हिएत रशिया या तिन्ही देशांची माणसं त्यात होती. जानेवारी १९३० च्या अखेरीस जो क्रॉसन आणि हॅरोल्ड गिलम या अलास्काच्या वैमानिकांना सायबेरियाच्या किनाऱ्यावर बर्फातून वर आलेला विमानाचा पंख दिसला. दोघांचे मृतदेह फेब्रुवारीत बर्फ खणून काढावे लागले. आयल्सन त्या वेळी अवघे ३२ वर्षांचे होते.

तपासातून निघालेला अंदाज असा की उंची दाखवणाऱ्या यंत्राने चुकीची उंची दाखवली असावी. हे यंत्र हवेच्या दाबावर चालतं. वादळात दाब कमी झाला की ते खऱ्यापेक्षा जास्त उंची दाखवू शकतं. समोर सगळं पांढरं, डोळ्यांना काही दिसत नाही, आणि यंत्र सांगतंय की आपण उंचावर आहोत. सहावी-सातवीच्या शिक्षकांना हवेचा दाब शिकवताना हे उदाहरण नक्की वापरता येईल.

मार्च १९३० मध्ये हॅटन गावी त्यांचा अंत्यविधी झाला. हजारो लोक जमले. पोराने सुरक्षित नोकरी करावी म्हणणारे वडील त्या गर्दीत होते.

मला काय वाटतं

गोष्ट संपल्यावर वर्गात शांतता होती. मग एका मुलाने विचारलं की बाई, एवढे हुशार होते तर परत का नाही फिरले?

मी खरं सांगते, मला लगेच उत्तर देता आलं नाही. आपण थोर लोकांची चरित्रं सांगतो तेव्हा शेवटी एकच तात्पर्य लिहितो, न घाबरता पुढे जा. फळ्यावर लिहायला ते सोपं असतं. पण आयल्सन सरांचं आयुष्य नीट पाहिलं तर ते दोन गोष्टी सांगतं. तयारी होती, थांबायची तयारी होती, तेव्हा ते वाचले. पाच दिवस निर्जन बेटावर बसून राहिले ते जिवंत पोहोचले. आणि ज्या दिवशी कामाची घाई, कराराचं ओझं आणि लहान दिवस एकत्र आले, त्या दिवशी सगळा अनुभव असूनही हार झाली. परत फिरलेल्या दुसऱ्या वैमानिकाला कोणी भित्रा म्हणू नये असं मला वाटतं.

गेल्या डिसेंबरात मी स्कूटीवर शाळेला निघाले होते. दाट धुकं, चार हात लांबचं दिसेना. उसाची ट्रॉली अगदी जवळ आल्यावर दिसली. मी कशीबशी कडेला घेतली. पुढच्या चहाच्या टपरीवर धुकं उठेपर्यंत बसले. शाळेत उशीर झाला, वहीत लाल शेरा पडला, आणि मला वाईटही वाटलं. आता या गोष्टीनंतर वाटत नाही. तो शेरा मी मुलांना दाखवला आणि सांगितलं की बाई त्या दिवशी परत फिरायला शिकल्या.

पालकहो, तुमची मुलं उद्या गाडी चालवतील, कोणी विमानही चालवेल. त्यांना पुढे जा नक्की सांगा. पण हवा बिघडली तर थांब, उशीर झाला तरी आम्ही रागावणार नाही, हेही सांगा. ते घरातून सांगितलं गेलं तरच मुलाला रस्त्यात आठवतं.

मुलांशी चर्चेसाठी प्रश्न

१) तीन तासांच्या प्रवासाला आयल्सन सरांनी दहा दिवसांचं अन्न का घेतलं असेल?
२) एका जाड कपड्यापेक्षा अनेक पातळ थर जास्त उबदार का असतात?
३) नोमला औषध पोहोचवण्यासाठी विमानाऐवजी कुत्र्यांच्या गाड्या का निवडल्या गेल्या?
४) परत फिरणं म्हणजे हार मानणं का? तुमच्या घरातलं एक उदाहरण सांगा.

उपक्रम : रात्री एका वाटीत खोबरेल तेल आणि दुसऱ्या वाटीत शेंगदाण्याचं तेल बाहेर ठेवा. सकाळी दोन्हींत काय फरक पडला ते वहीत लिहा. कोणतं तेल इंजिनला चालेल यावर गटात बोला.

हा पाठ तुमच्या वर्गात घेतला तर मुलांनी काय काय प्रश्न विचारले ते जरूर कळवा. काळजी घ्या, सकाळी गाडी सावकाश चालवा.